पिवळ्या कंपनीचा बकासुर

भिकनला भूक लागली की आधी भीती वाटायची. तळहाताला घाम सुटायचा, आणि मग समोर येईल ते तो असं खायचा, की जणू कुणी मागून ताट ओढायला उभं आहे. लग्न होऊन बानाबाई घरात आली, तेव्हा पहिल्याच जेवणाला हे तिच्या ध्यानात आलं.

"आवं, सावकाश जेवा की," ती म्हणाली. "भाकर कुठं पळून चाललीय व्हय?"

भिकन मान वर न करता म्हणाला, "पळून गेलेली बघितलीय म्या."

ती त्यानं बहात्तरच्या दुष्काळात बघितली होती. करमाडच्या पलीकडं माळावर धनगरांची चार घरं, त्यातलं एक त्यांचं. बाप मल्हारराव मेंढरं राखायचा. त्या साली माळावर काडी उरली नाही. मेंढरं उभ्या उभ्या वाळली, बसली की उठेनाशी झाली. जी राहिली ती खाटकानं येऊन नेली. मग सगळं घर सरकारी सडकेवर खडी फोडायला गेलं. दुपारी तिथं सुकडी, भाजल्या पिठाचा कोरडा खुराक, वाटायचे. आई सखूबाई आपल्या वाट्याची सुकडी पदराआड करून भिकनच्या ओंजळीत ओतायची आणि म्हणायची, "मला आज उपास हाय." रोज कुठल्या देवाचा उपास असतो, हे भिकननं तिला विचारलं नाही. तो मिसरूड फुटलेला धडधाकट गडी होता. त्याला कळत होतं. कळत असून तो खात होता. वैशाखाच्या उन्हात सखूबाई खडीच्या ढिगाला टेकून बसली, ती तशीच राहिली.

त्यानंतर भिकनचं मन माळावर लागलं नाही. शहराच्या पूर्वेला, चिकलठाण्याच्या अंगाला, शेतं मोडून कारखाने उभे राहत होते. भोंगा झाला की जालना रोडवर सायकलींची रांग लागायची. भिकननं मुकुंदवाडीत पत्र्याची खोली घेतली, बानाबाईला आणलं आणि पिवळ्या कंपनीत हमालीला लागला.

कंपनीचं खरं नाव पाटीवर इंग्रजीत होतं. ते कुणाला वाचता येत नव्हतं आणि येत असलं तरी कुणी घेत नव्हतं. भिंत पिवळी, पाकिटं पिवळी, म्हणून पिवळी कंपनी. मालक मुंबईला असायचा. त्याला कुणी कधी बघितलं नव्हतं. तिथं मक्याच्या पिठाच्या पोकळ नळ्या निघायच्या. मोठमोठ्या कढयांत डालडा उकळायचा, त्यात त्या फुलायच्या, वर मीठ-मसाल्याचा पिवळाजर्द भुगा पडायचा. त्यांचं नाव 'करकरी'. डालड्याचा वास वाऱ्याबरोबर वस्तीत यायचा आणि दांडीवरच्या लुगड्यांत, उशांत, लेकरांच्या केसांत बसायचा.

फुटक्या नळ्या कामगारांना फुकट होत्या. सुटी झाली की फाटकावरचा माणूस हाक द्यायचा, "न्या रे, न्या, लेकराबाळांना न्या." लोक पिशव्या भरून न्यायचे आणि कंपनीला दुवा द्यायचे. वर्ष उलटलं तशी वस्तीतल्या पोरांच्या घशाखाली भाकरी उतरेनाशी झाली. "आई, करकरी नाय का?" म्हणून ती ताटावरून उठायची. बाया कौतुकानं एकमेकींना सांगायच्या, की आमच्याला ना, दुसरं काही लागतच नाही. बानाबाईला मूलबाळ नव्हतं. ती हे सगळं नुसती बघायची, आणि चुलीपुढं बसून भाकरी थापताना उगीच तिच्या अंगावर काटा यायचा.

भिकनला करकरी म्हणजे देवच भेटला होता. दुपारी सगळे हमाल डबे सोडायचे तेव्हा हा फुटक्या नळ्यांचं टोपलं मांडीवर घेऊन बसायचा आणि बघता बघता टोपल्याचा तळ दिसायचा. सोबतचे हमाल पैजा लावायचे. एके दिवशी अशीच पैज रंगली असताना कंपनीचे विक्री साहेब तिकडून चालले होते. ते थांबले आणि शेवटची नळी संपेपर्यंत बघत राहिले.

हे आप्पासाहेब. देवगाव रंगारीच्या मोठ्या जमीनवाल्या घरातले. शिकले, शहरात आले, कंपनीत साहेब झाले. पण गावाकडची शेती, वाटेकरी, मानपान सगळं शाबूत. माणूस गोड बोलायचा. हमालाच्याही पाठीवर हात ठेवायचा.

"भिकन," ते म्हणाले, "पोट भरतं का रे तुझं कधी?"

"नाय साहेब."

"मग उद्यापासून खोकी उचलायचं बंद. कंपनीची गाडी गावोगावच्या बाजाराला जाणार आहे. तू सोबत चलायचं आणि चार लोकांत बसून खायचं. एवढंच काम."

घरी येऊन त्यानं हे बानाबाईला सांगितलं, तेव्हा तिच्या हातातलं काम थांबलं.

"खायचं काम? खाण्याची मजुरी कोन देतंय?"

"कंपनी देती."

"तुमी धनगराचं लेकरू," बानाबाई हळूच म्हणाली. "बोकडाला फुकट पेंड घालणाऱ्याच्या मनात काय असतंय, ते म्या सांगावं व्हय तुमाला?"

भिकन हसला. त्या दिवसांत त्याचं हसू अजून छातीतून येत होतं.

अशी ती फेरी सुरू झाली. जीपवर भोंगा, मागं पाकिटांची खोकी, पुढं आप्पासाहेब, आणि जीप चालवायला पुंडलिक. पुंडलिक कंपनीचा जुना ड्रायव्हर, शहरातल्या भीमवाडीत राहणारा. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि गावं पेटली तेव्हा, त्याचं गावाकडचं घर जळालं होतं. मोर्चा असला की रजा टाकायचा, दुसऱ्या दिवशी घसा बसलेला घेऊन कामावर यायचा.

बाजारात एक बैलगाडी उभी करायचे. तिच्यावर पाकिटांची रास. शेजारी खुर्चीवर भिकन. डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, कपाळाला शेंदूर, आणि काळ्या लोकरीची लांब दाढी. लोकर हातात घेताच त्यानं ओळखलं होतं, की ही जावळाची लोकर आहे, कोकराची. भोंग्यावर आप्पासाहेब ओरडायचे, "आला रे आला, एकचक्रा नगरीचा बकासुर आला! गाडाभर करकरी खाणार! त्याला जो हरवील त्याला स्टीलची घागर!" आणि मग भिकननं उभं राहून, मांडीवर थाप मारून हाक द्यायची, "हाय का कुनी भीम या गावात?"

लोक पोट धरून हसायचे. गावातला एखादा तगडा गडी पुढं यायचा, तोंड भरायचा, ठसकायचा, हरायचा. भिकनला युक्ती सापडली होती. तो नळी दाताखाली पुरी चुरायचा, लाळेत भिजवायचा, मगच गिळायचा. बघणाऱ्याला वाटायचं, हा राक्षसासारखा गिळतोय. पण आत सगळं सावकाश चाललेलं असायचं. ही युक्ती त्यानं कुणाला सांगितली नाही. ज्या माणसाला जन्मात कुणी नावाजलं नव्हतं, त्याला शेकडो माणसं नावाजत होती. आणि खाणं संपायच्या आत पुढचं खाणं समोर असायचं. तळहाताचा घाम थांबला होता.

करमाडच्या बाजाराला मात्र वेगळंच घडलं. नामांतराचं वारं तेव्हा पुन्हा तापलं होतं, आदल्याच आठवड्यात शहरात मोर्चा निघाला होता. भिकननं नेहमीसारखी मांडीवर थाप मारली आणि हाक दिली, "हाय का कुनी भीम या गावात?" गर्दी हसली नाही. एका कोपऱ्यातून कुणीतरी जोरात "जय भीम!" म्हणालं. दुसऱ्या कोपऱ्यातून शिवी आली. मग दगड आला. आप्पासाहेबांनी भोंगा बंद केला आणि सगळ्यांना जीपमध्ये कोंबलं. पण वेशीपाशी पाचसात जणांनी काठ्या आडव्या घातल्या.

एकानं खिडकीतून हात घालून पुंडलिकची गचांडी धरली. "नाव काय रे तुझं? पूर्ण सांग."

पुंडलिकनं तोंड उघडलं. तो खरं सांगणार, हे त्याच्या मानेच्या ताठपणावरून दिसत होतं. आप्पासाहेब पायाशी बघत बसले होते. मागून भिकन मुकुटासकट पुढं वाकला.

"मल्हारराव त्याचं नाव," तो म्हणाला. "माझा चुलतभाऊ हाय. या माळावरचेच धनगर आमी. सोडा त्याला."

काठीवाले भिकनला ओळखत होते. त्याचं अवाढव्य अंग, ती दाढी, तो शेंदूर बघून एकाला हसू फुटलं आणि काठ्या बाजूला झाल्या.

चिकलठाण्याच्या कंपन्यांचे दिवे दिसायला लागल्यावर पुंडलिक बोलला. "भिकनभाऊ, जीव वाचवला तुमी. पन माझं नाव मला घेऊ द्यायचं व्हतं."

"मारला असता त्यांनी."

"व्हय," पुंडलिक म्हणाला, आणि त्यानं जीप कंपनीच्या फाटकाकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी हाक बदलली. भीम नको. "हाय का कुनी आईचा लाल?" एवढंच म्हणायचं. भिकनला काय, जे शिकवतील ते तो म्हणायचा.

दिवसामाशी अंग वाढत गेलं. बानाबाईला आधी बरं वाटलं. वाळलेल्या माणसाला वस्तीत कोण विचारतं? नवरा भरला की घराची पत दिसते. मग भिकनला वहाणेचा बंद बांधता येईना. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपू लागला. झोपेत घोरता घोरता मधेच एकदम गप्प व्हायचा आणि बानाबाई उठून त्याच्या नाकापुढं हात धरायची. भाकरीची चव गेली. तिनं केलेलं कालवण त्याला पाण्यासारखं लागायचं. तहान मात्र मिटेना. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा. आणि एके सकाळी खोलीमागच्या मोरीपाशी, जिथं तो लघवीला बसायचा तिथं, बानाबाईला मुंग्यांची काळी रांग दिसली. तिनं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा तिथंच.

ती पदर आवळून थेट कंपनीच्या फाटकावर गेली. आप्पासाहेब गाडीतून उतरत होते.

"साहेब, त्यांना परत हमालीवर घाला. त्यांचं अंग त्यांचं राहिलं नाय."

आप्पासाहेबांनी तिचं नीट ऐकून घेतलं. चिडले नाहीत. "बाई, मी त्याच्या तोंडात घास कोंबतो का?" ते म्हणाले. "तो हौसेनं खातो. उद्या नको म्हणाला तर कोण धरून ठेवणार आहे त्याला? विचार घरी."

तिनं घरी विचारलं. भिकननं आपले फुगलेले हात उजेडात धरून बघितले.

"धरत तर कुनीच नाय," तो म्हणाला. "तेच तर हाय."

पण दुसऱ्या दिवशी तो गेलाच. जीपचा भोंगा वाजला आणि तो गेला.

कंपनीच्या सुतारानं त्याच्यासाठी लोखंडी हातांची खास खुर्ची केली होती. वर्षभरात तीही पुरेना. एका बाजारात खेळ संपल्यावर तो उठायला गेला आणि खुर्ची त्याच्यासोबत उठली. दोघांनी ओढून काढलं. गर्दी अशी खदखदून हसली, की आप्पासाहेब म्हणाले, "हे असंच ठेव. रोज अडकायचं." भिकनला आता मुद्दाम अडकावं लागत नव्हतं.

मग देवगाव रंगारीचा बाजार आला. हे आप्पासाहेबांचं गाव. त्या दिवशी ते पांढरीशुभ्र कापडं घालून आले होते. पारावर गावातली वडीलधारी मंडळी, बाजारात खेड्यापाड्यातली माणसं. भिकनला सकाळपासून बरं वाटत नव्हतं. डोळ्यांपुढं बाजार धुरकट दिसत होता, पायाची बोटं बधिर झाली होती. तरी तो बसला, मुकुट घातला, मांडीवर थाप मारली.

"हाय का कुनी आईचा लाल?"

कुणी पुढं येईना. आप्पासाहेबांना ते लागलं. आपल्या गावात माणूस मिळू नये? त्यांची नजर गर्दीत फिरली आणि एका पोरसवद्या गड्यावर थांबली. तो फकिरा, त्यांच्याच शेताचा वाटेकरी. रुंद छातीचा, लाजरा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"ए फकिरा, ये की! गावाची अब्रू घालवतोस का?"

फकिरा मागं सरला. "नको मालक. सवय नाय मला."

आप्पासाहेबांनी भिकनकडं बघितलं. ही खूण भिकनला पाठ होती. गडी कच खाऊ लागला की त्याला डिवचायचं, हे कामच होतं. भिकननं दाढीवरून हात फिरवला आणि भोंग्यात ओरडला, "आरं, आईनं दूध पाजलं का ताक? बकासुराला भिऊन बायकोच्या पदराआड चालला का?"

बाजार हसला. फकिराचं तोंड लाल झालं. तो पुढं आला.

तो भराभर खाऊ लागला. चावत नव्हता, कोंबत होता. भिकननं चार नळ्या चुरल्या तोवर फकिराचं दुसरं पाकीट संपलेलं. लोक टाळ्या पिटत होते, आप्पासाहेब भोंग्यावर आकडा सांगत होते. भिकनला दिसलं, की पोराच्या घशाशी कोरड्या पिठाचा गोळा झालाय. मान पुढं आली, हात हवेत गेला. भिकन हळू आवाजात म्हणाला, "थांब. थुंक. थुंक ते." भोंग्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

फकिरा उभा राहिला आणि नाचल्यासारखे पाय आपटू लागला. लोकांना वाटलं, सोंग करतोय. हशा वाढला. त्याचे ओठ निळे होत चालले होते. भिकन उठायला गेला आणि खुर्ची त्याच्यासोबत उठली. लोखंडी हात दोन्ही कुशींत रुतले होते. तो खुर्चीसकट एक पाऊल गेला आणि तोंडावर पडला. आता तर माणसं डोळे पुसत हसत होती. त्या हशात फकिरा गाडीच्या चाकापाशी कोसळला.

पहिला धावला तो पुंडलिक. त्यानं जीपमधून उडी टाकली, फकिराच्या पाठीत बुक्क्या घातल्या, तोंडात बोटं घातली. मग त्यानं पोराच्या छातीला कान लावला आणि मान हलवली. पिवळा भुगा त्या पोराच्या हनुवटीवर होता, आणि बराच वेळ तो कुणी पुसला नाही.

फौजदार आला तेव्हा सगळी मंडळी चावडीत होती. तो यायच्या आधीच आप्पासाहेबांनी भिकनला बाजूला घेतलं होतं.

"मुंबईला फोन झालाय. वरून सांगितलंय, कंपनीचा काही संबंध नाही. पोरगा आपल्या मनानं आला, आपल्या मनानं खाल्लं. प्यालेला होता, असं तू सांग. तू सगळ्यात जवळ होतास."

"प्यालेला नव्हता, साहेब."

"मला माहीत आहे. माझ्या शेतावरचा आहे तो."

चावडीत फौजदारानं विचारलं. आप्पासाहेब म्हणाले, "कुणी जबरदस्ती केली नाही. ज्याचं तोंड त्याच्या ताब्यात." गावातल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. मग फौजदारानं भिकनकडं बघितलं. भिकनच्या कपाळावरचा शेंदूर घामानं ओघळून डोळ्यात आला होता.

"प्यालेला नव्हता तो," भिकन म्हणाला. "यायला तयार बी नव्हता. साहेबांनी बोलावलं, म्या डिवचलं. डिवचायचा मला पगार हाय. शब्द बी मला शिकवलेले. पन तोंड माझं व्हतं."

आप्पासाहेबांनी डोळे मिटले.

तेवढ्यात दाराशी बसलेली फकिराची आई, भागूबाई, उठून उभी राहिली. ती रडत नव्हती. "याचं म्हननं, माझ्या लेकरानं आपल्या मनानं खाल्लं," ती आप्पासाहेबांकडं हात करून म्हणाली, आणि मग तो हात भिकनकडं वळला, "यानं हाक मारली, कंपनीनं गाडा भरला. सगळ्यांनी मिळून केलं ना हे? मंग मेला एकटाच कामून?"

फौजदारानं अपघाती मरण म्हणून नोंद केली. आप्पासाहेबांना मालकांनी नाशिककडं पाठवलं. तिथं ते आणखी वर चढले, असं पुढं कानावर आलं. भिकनला दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेतलं नाही. काही महिने बाजारात जीप दिसली नाही. मग दिसली, आणि खुर्चीवर दुसराच कुणी जाडा माणूस होता. दाढी मात्र तीच.

भिकन घरी बसला. भूक लागली की पुन्हा तळहाताला घाम यायचा. बानाबाई भाकरी पुढं ठेवायची, तो दोन घास खायचा आणि हळूच विचारायचा, "शेजारी करकरी असंल का थोडी?" ती नाही म्हणायची. एकदा ती पाण्याला गेली असताना त्यानं शेजारच्या पोरीच्या हातातलं पाकीट घेतलं. पोरगी भोकाड पसरून रडली. सगळी वस्ती गोळा झाली. बकासुर लेकरांचं खातो, म्हणून लोक हसले. पण त्यांतल्या बायांनी आपापली पोरं मागं ओढली.

पायाच्या बोटाला जखम झाली ती त्याला कळलीच नाही. वास आला तेव्हा कळली. घाटी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, रक्त तपासलं आणि बानाबाईला विचारलं, "साखर इतकी वाढेपर्यंत काय करत होता? काय खायचे हे?"

"कंपनीचं खायचे," बानाबाई म्हणाली.

"कंपनीचं? कंपनीत काय कामाला होते?"

बानाबाईला ते सांगता आलं नाही.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ज्या दिवशी घरी आणायचं त्या दिवशी पुंडलिक रिक्षा घेऊन आला. त्यानं आपणहून कंपनी सोडली होती. त्यानं भिकनला लहान पोरासारखं उचलून आत ठेवलं, आणि भिकनच्या ध्यानात आलं, की आपण आता उचलण्याइतके हलके झालो आहोत. त्याला त्याचा आनंद झाला नाही. पोटाची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत होती.

घर तर चालायला हवं होतं. बानाबाईनं रेल्वे फाटकापाशी टपरी टाकली. चहा, बिडीकाडी, गूळ-शेंगदाणे, सकाळी तिच्या हातची भाकरी-चटणी. फाटक लागलं की माणसं खोळंबायची, टपरीकडं बघायची आणि विचारायची, "करकरी नाय का?" ती नाही म्हणाली की पुढं सरकायची. तीनचार महिने ती नाहीच म्हणत राहिली. शेंगदाण्यांना जाळी लागली. भाकऱ्या संध्याकाळी गाईला जायच्या. मग एके दिवशी पिवळी गाडी आली आणि बानाबाईनं पाकिटांच्या माळा घेऊन टपरीच्या पुढच्या बांबूला टांगल्या. भिकन खाली फळकुटावर बसला होता. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "काय बोलायचं असंल तर बोला."

भिकन फळकुटावर जरा बाजूला सरकला, माळांना जागा झाली. त्या रात्रीपासून तिनं माळा घरी आणून पेटीत कुलूप लावून ठेवायला सुरुवात केली. किल्ली तिच्या गळ्यात असायची.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. शहरभर पोलीस होते. काही रस्ते मुके, काही रस्त्यांवर ढोल. दुसऱ्या दिवशी पुंडलिक पेढे घेऊन टपरीवर आला. केस पांढरे झाले होते, पण गुलाल केसांत तसाच होता.

"झालं बघा, भिकनभाऊ."

"समदं झालं?"

"जुनं नाव बी ठेवलंय म्होरं. ज्यांचे जीव गेले त्यांना विचारायला पायजे, समदं झालं का म्हनून." तो पेढ्याचा पुडा पुढं धरून थांबला. "तुमाला चालत नसंल ना?"

भिकननं पेढा घेतला, कपाळाला लावला आणि बानाबाईच्या हातावर ठेवला. मग पुंडलिक टांगलेल्या माळांकडं बघत बसला. आता बाजारात जीप येत नव्हती, भोंगा नव्हता, खुर्ची नव्हती. खाऊन दाखवायला माणूस लागतच नव्हता. शाळेपुढं, देवळापुढं, खेड्यातल्या शेवटच्या दुकानातसुद्धा त्या माळा लोंबत होत्या. पुंडलिक चहा पिऊन निघून गेला.

दुपारी फाटक लागलं. एक बाई लेकीला घेऊन सावलीला आली. लेक सात-आठ वर्षांची असेल. गुबगुबीत, गळ्याला दोन वळ्या, टपरीपर्यंतचा चढ चढून तिचा श्वास लागला होता. माळा दिसताच तिनं आईचा पदर ओढला.

"बघा ना, जेवतच नाय दुसरं," आई कौतुकानं बानाबाईला म्हणाली. "द्या एक."

भिकननं वर हात केला. पाकीट हाताला लागलं, पण त्यानं ते तोडलं नाही. पोरीच्या छातीचं वरखाली होणं तो बघत होता.

"बाई," तो म्हणाला, "नका देऊ तिला. शेंगदाणे न्या. तिचा दम बघा कसा लागलाय."

बाईचं तोंड उतरलं, मग तापलं. "माझ्या लेकराला नजर लावता व्हय? विकायचं बी तुमीच, आन् वर शानपन बी तुमीच शिकवायचं? खाऊ द्यायचं नसंल तर टांगता कामून?"

भिकननं बानाबाईकडं बघितलं. ती पाठमोरी होऊन कप विसळत होती; तिचे हात पाण्यात थांबले होते. फाटकापाशी खोळंबलेली दोनचार माणसं इकडं बघू लागली. पोरीनं हात पुढं केलेलाच होता. भिकनच्या तळहाताला घाम सुटला. त्यानं माळेतलं एक पाकीट खाली ओढलं आणि तिला दिलं.

पोरीनं ते दातानं फोडलं, आणि दोघी मायलेकी फाटक उघडायची वाट बघत उभ्या राहिल्या.